तिसऱ्या कपाआधी उठणारा

१० जानेवारी, शनिवार
घोडबंदर रोडवर इथिओपियन कॉफीचं दुकान निघालंय. माजिवड्याच्या ऑफिसातून चार स्टॉप, पाऊण तास. चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो, पण ठाण्यात चालणं हा आता धाडसी खेळ झालाय.

मी कॉफीसाठी गेलेलो नाही, हे निदान या वहीला तरी माहीत असावं. मुक्ता तिकडे कॉलेजात शिकवायला गेली ती दोन वर्षांच्या करारावर. मुदत वाढत वाढत हे पाचवं वर्ष. आपल्या बायकोला धरून ठेवणाऱ्या देशाची चव बघावी म्हटलं.

मालकीण हिरुत, तिकडचीच. पुण्यात शिकायला आलेली, तिथे नीलेशशी जमलं. नीलेश इथला आगरी. त्यांच्या शेतात जो टॉवर उभा राहिला त्याच्याच तळमजल्यावर दुकान. त्याची आई, जनाआई, गल्ल्यापाशी बसते आणि गिऱ्हाईक आत येताना आधी त्याच्या चपला बघते.

रीत अशी: जमिनीवर हिरवं गवत पसरतात, ऊद जाळतात, बिया समोर भाजतात. लांब मानेच्या मातीच्या सुरईतून कॉफी. त्याच पुडीवर तीनदा पाणी. पहिला कप कडक, दुसरा बेताचा, तिसरा मवाळ. तिसऱ्याला आशीर्वाद म्हणतात. त्याआधी उठणं म्हणजे भरल्या पंगतीतून उठणं.
दुसऱ्यानंतर उठलो. बस होती.

१७ जानेवारी, शनिवार
आज गर्दी. आयटीतल्या तीन मुलींनी गवताचे फोटो काढले, कॉफी निवू दिली. एका काकांना कॉफीबरोबर मक्याच्या लाह्या का, ते कळेना. "इंटरव्हल झाला का?" हिरुत म्हणाली, आमच्याकडे असंच. काका: "आमच्याकडे पण असंच, पण तिकीट काढून."

मग खरी मजा. बिया भाजल्या की हिरुत तो धुरकट तवा प्रत्येकासमोर नेते, वास घ्यायला. हाताने धूर स्वतःकडे ओढायचा. एका आजींनी दोन्ही हात धुरावर धरले, डोळ्यांना लावले आणि तव्यात पाच रुपयांचं नाणं टाकलं. पाठोपाठ त्यांच्या सुनेनेही. तिसऱ्या टेबलावरचा माणूस खिसे चाचपायला लागला. हिरुतने न हसता चिमट्याने नाणी वेचली आणि सगळ्यांना सांगितलं, "देव नाही, कॉफी." आजी म्हणाल्या, "असू दे गं, पोचतं."

मु.ला फोनवर हे सगळं सांगितलं. खूप हसली. हसण्यातच म्हणाली, "फेब्रुवारीअखेर सही करायची आहे. अजून दोन वर्षं. तुझं काय म्हणणं?"
मी म्हटलं, "माझं काय, मी नवरा. मला मतदानाचा अधिकार कुठे?"
हसली नाही. "बरं," म्हणाली.

२५ जानेवारी, रविवार
साप्ताहिकातल्या माझ्या सदरात हेच लिहून टाकलं. सगळ्यात जमलेलं वाक्य: 'तिसरा कप म्हणजे निवृत्त प्राध्यापकाचं व्याख्यान, रंग आहे, सार नाही आणि उठूनही जाता येत नाही.' संपादकांचा फोन: "आज तुम्ही कमाल केलीत." दिवसभर बरं वाटलं. संध्याकाळी कुणाला वाचून दाखवावं असं

३१ जानेवारी, शनिवार
दुकानात लेखाचं कात्रण भिंतीवर चिकटवलेलं. नीलेश: "सर, तुम्ही तर आपल्याला फेमस केला." हिरुतला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. ती कौतुकाने कात्रणाकडे बघत होती. बघवेना.

जनाआई सातवी शिकलेली. बोट ठेवून सगळं वाचलं होतं.
"बरा लिवलास," म्हणाली. "पन तू तं दरवेलेला दुसऱ्यावरच उठतंस. तिसरा पिलास कवा रं बाला?"

तीस वर्षं लिहितोय. असं परीक्षण कुणी केलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार
मु.चा मेसेज. तिला लेख कुणीतरी पाठवला.
'वाचलं. शेजारच्या बाई रोज कॉफीला बोलावतात. पहिल्या दोन कपांत तब्येत, पाऊस, मुलं. तिसऱ्याला माणसं खरं बोलतात. मी तिसऱ्यासाठीच जाते.'
उत्तर तीनदा लिहिलं. तिन्ही विनोदी. पुसली.

८ फेब्रुवारी, रविवार
ठाकुर्लीच्या घरात दोन खोल्या, आणि दोन्हींत मीच. पहिल्या वर्षी आवडलेलं. तिची उशी मी धुवायला टाकतो आणि परत तिच्याच बाजूला ठेवतो. स्वच्छतेची आवड, दुसरं काय.

विमानतळावर म्हणाली होती, "तुझ्याशी बोलताना मी प्रत्येक वाक्य आधी तपासून घेते. दमले रे." मला वाक्य आवडलं. पुढच्याच आठवड्यात सदरात वापरलं. लोकांना फार आवडलं.
पाच वर्षांत एकदाही 'ये' म्हटलेलं नाही. म्हणजे म्हटलंय, पण त्याला विनोदाचं शेपूट लावून.

१४ फेब्रुवारी, शनिवार
तिसरा कप प्यायलो. पातळ. कोमट. कडूपणा गेलेला, मागे काहीतरी राहिलेलं, भाजल्याचं. दुकान रिकामं व्हायला आलेलं, गवत चुरगळलेलं. कुणालाच घाई नव्हती. लेखातलं वाक्य आठवून कानशिलं तापली.

जनाआई शेजारी येऊन बसली. "बायको कवा येल?"
"माहीत नाही."
"इचारलास?"
"नाही."
"मंग ती कशाला येल? माझी सून समुंदर वलांडून आली, तं नील्यानी बोलवलान म्हनून."
हिरुत आतून: "तीनदा बोलावलं. तिसऱ्यांदा रडला."
नीलेश: "धूर होता गं."

कात्रण काढून टाकायला सांगितलं. जनाआई नको म्हणाली, भिंतीला पोपडा आलाय, तो झाकला जातो.

२१ फेब्रुवारी, शनिवार
मसुदे:
'विचार करून ठरव.' – भित्रा.
'नारळ तीस रुपयांना झालाय, तरी ये.' – शेपूट.
'तुला योग्य वाटेल ते.' – हा तर सरकारी.
पाठवला एकही नाही. आठवडा उरला.

२८ फेब्रुवारी, शनिवार
हे दुकानातच बसून लिहितोय.
पहिल्या कपाला पाठवलं: 'मुक्ता, सही करू नकोस. घरी ये. मला तू इथे हवी आहेस.' पुढे काही जोडायला अंगठा शिवशिवला. फोन पालथा ठेवला.
दुसऱ्या कपाला बघितलं. तिने वाचलंय. उत्तर नाही. तिकडे दुपार असेल. सही सकाळीच झाली असेल तर
बाहेर माझी बस आली, थांबली, गेली.
तिसरा कप. फोनवर 'टाइप करत आहे' आलं. गेलं. परत आलं. जनाआईने लाह्यांचा वाडगा पुढे सरकवला.
कप संपला. अजून टाइप करतेय.
चौथा कप रीतीत नसतो. हिरुतने तरी पाणी ठेवलंय.