हनुवटीवरचा ठिपका

जळगाव, जानेवारी १९९९

प्रिय अक्का,

शिरपूरला पाठवलेले केळीचे वेफर्स पोचले का? पोचले असतील तर निम्मे दाजींनीच फस्त केले असणार.

मी हल्ली रतिलालभाऊंच्या व्हिडिओ स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसतो. कॅसेटमधलं चित्र थांबवून मोठं करायचं खूळ डोक्यात शिरलंय. गंमत बघ, कॅसेटमध्ये ठिपके असतात तेवढेच. मोठं करताना मधले ठिपके कॉम्प्युटर स्वतःच्या मनाने भरतो. एका रीतीत तो प्रत्येक ठिपक्याची नक्कल करतो, मग गालावर फरशा बसवल्यासारखे चौकोन दिसतात. दुसऱ्या रीतीत शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढतो; चेहरा मऊ होतो, पण धूसर. तिसरी रीत लांबचे शेजारीही विचारात घेते आणि कडा ठसठशीत करते. रतिलालभाऊ म्हणतात, गिऱ्हाइकाला हीच आवडते. मला तिचा भरवसा वाटत नाही. नसलेलंही ती ठासून सांगते.

हे सगळं मी चोपड्याच्या मोतीलालकाकांच्या लग्नाच्या कॅसेटवर करून पाहिलं. त्यात आई खापरावर मांडे टाकतेय! लग्नातले मांडे तिनेच टाकले होते, असं काकांनी सांगितलं. व्हिडिओवाला तिच्या हातांवरच भाळलेला. मांडा कोपरापर्यंत कसा पसरत जातो, तेच दाखवत बसलाय. मग दिवा तोंडावर येतो, आई वर बघते आणि बाकीच्या बायकांसारखी लगेच पदर ओढून घेते. तेवढ्यातलं एकच चित्र हाती लागलं. तिसऱ्या रीतीत तिच्या हनुवटीवर काळा ठिपका दिसतो. पहिलीत तो नुसता एक चौकोन, दुसरीत विरून जातो. तीळ आहे की टेपवरचा डाग? पुढच्या चित्रात पदरच आहे, त्यामुळे पडताळाही घेता येईना.

आबांना तिन्ही चित्रं दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "तीच शे रे, बठ्ठास्मा तीच शे," म्हणत तिन्ही चित्रांवरून बोट फिरवलं आणि उठून बाहेर गेले. त्यांना पुन्हा विचारायचा धीर होत नाही.

तिन्ही चित्रं सोबत पाठवतोय. अक्का, आई गेली तेव्हा तू चौथीत होतीस, मी जेमतेम तीन वर्षांचा. घरात तिचा एकही फोटो नाही. तुम्ही सगळे तिच्या आठवणी काढता तेव्हा मी मान हलवतो, पण मला तिचा चेहरा आठवत नाही गं. हे कुणालाच बोललो नव्हतो. तू तिच्या कुशीत झोपलेली आहेस. बरोबर असेल त्या चित्रावर फक्त खूण करून पाठव. तू म्हणशील ती माझी आई.

तुझाच,
निंबा