कल्पभेद

दिग्रस, मंगळवार

प्रिय मंदार,

तुझा लेख वाचला. पडद्यावर वाचलेलं मला वाचल्यासारखं वाटत नाही, म्हणून बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून अकरा पानं छापून आणली. पहिलं पान चाळून त्याने विचारलं, सर, कोर्टाचं काम हाय काय? म्हणजे भाषा जमली आहे.

मला कळलं ते असं. तुमच्या 'अश्मदुर्ग' गेमचे सात भाग झाले, लोक वीस वर्षं खेळताहेत. तिसऱ्या भागात नायकाचा थोरला भाऊ किल्ला सोडून जातो आणि सातव्यात नायक खुशाल सांगतो, मी एकुलता एक. कंपनी म्हणते, नव्या खेळाडूंना जुन्या गोष्टींचं ओझं कशाला. तू म्हणतोस, ज्यांनी त्या भावाला वेशीपर्यंत पोचवलं, त्यांनी काय करायचं?

फोनवर मी तुझी थट्टा केली. म्हटलं, आमच्या पुराणांना ही अडचण फार आधी आली होती. दोन कथा जुळेनात की टीकाकार 'कल्पभेद' म्हणून मोकळा होतो. ती हकिगत त्या कल्पातली, ही या कल्पातली, खोटं कोणीच नाही. कंपनीने एखादा निवृत्त संस्कृत शिक्षक नेमावा, मी स्वस्तात येईन. तू हसला नाहीस. म्हणालास, बाबा, पण त्या भावाला कोणी विचारलं का? मी फोन तुझ्या आईच्या हातात दिला. तिला वाटलं, दूध उतू जात असेल म्हणून मी धावलो.

लहानपणी तू माझ्या मुंजीचा फोटो घेऊन आला होतास. मांडवात दोन तुळतुळीत डोक्यांचे मुलगे. दुसरा कोण, विचारलंस. शेजारचा, मी म्हणालो. शेजारच्याची मुंज आपल्या घरी कशी, या तुझ्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. फोटो मात्र ट्रंकेत तळाशी गेला. पुढे तुला हेच, न जुळणाऱ्या गोष्टी पकडायचं काम करायचं होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तो भालचंद्र. माझा थोरला भाऊ, भालूदादा. मारेगावला नोकरीला होता. तिथे त्याने कौसल्याशी लग्न केलं. ती बौद्ध घरातली. अप्पांनी त्याचं नाव घरात घेणं बंद केलं आणि आम्ही सगळे त्यात तरबेज झालो. तुझ्या जन्माआधी दोन वर्षं अप्पा गेले. दहाव्याला आम्ही नदीवर होतो. दादा पहाटेच्या एसटीने आला, डोकं मारेगावलाच भादरून. वरच्या पायरीवर हातात चपला घेऊन उभा राहिला. पिंडाला ज्येष्ठ पुत्र लागतो. गुरुजींनी विचारलं, थोरला कोण? काका माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, मीच.

कोणी मला ढकललं नव्हतं, मंदार. पिंड ठेवून वर बघितलं तेव्हा पायरी रिकामी होती. आईने मरेपर्यंत मला त्याबद्दल काही विचारलं नाही. शाळेत मी तीस वर्षं पाठभेद शिकवले आणि हा एक कधी तपासला नाही.

रविवारी मारेगावहून फोन आला. मोनाली नावाची मुलगी. बाबांची उजवी बाजू गेली, म्हणाली, काही बोलून नाही राह्यले, फक्त नीळू-नीळू म्हणतात. जुन्या डायरीत त्या नावापुढे आपल्या घरचा नंबर सापडला. मग विचारलं, बाबा तर म्हणायचे मले कोणी नाही. तुम्ही त्यांचे कोण लागता जी? मी म्हणालो, नंतर फोन करतो. दोन दिवस झाले, केलेला नाही. शनिवारी इकडे ये. सकाळच्या बसने माझ्याबरोबर मारेगावला चल. ती दारातच पुन्हा तेच विचारेल आणि माझा मला भरवसा वाटत नाही. मी काही भलतं बोलायला लागलो तर तिथल्या तिथे टोक, कंपनीला टोकतोस तसं. तुझ्या आईला मी आज सांगितलं. ती ट्रंकेतून फोटो काढून पुसते आहे.

तुझाच,
नीळकंठ रामराव, धाकटा