सिनेमातल्या पळपुट्या

२३ मार्च, रविवार

नुसता संताप झाला आहे! दीपाली — माझी भाची, नागपूरला सिनेमाचं शिकते — म्हणाली, "मावशी, आपल्या गावच्या सोनीबाईवरून काढलेला सुपरहिरोचा सिनेमा लागलाय, चल." जीप करून चंद्रपूरला गेलो. सोनीबाईलाही नेलं.

वाटेत दीपालीनं साचा समजावला. नायक अनाथ. अंगात अचानक शक्ती. तोंडावर मुखवटा. एक माथेफिरू शास्त्रज्ञ. शेवटी सगळं कोसळायला आलं की हा एकटा धावतो. "पण यात साचा मोडलाय! नायक पुरुष नाही, बाई आहे. मोहफुलं वेचणारी!"

मी खूश होऊन आत बसले. मोडला कसला! मोहाच्या झाडावर वीज पडते, ती खाली उभी असते, झाली शक्ती. लुगड्याखाली बूट! वाघ प्रयोगशाळेत बनवलेला, डोळ्यांत लाल दिवे. तो झेप घेतो आणि सोबतच्या बायका टोपल्या टाकून किंचाळत पळतात. ही एकटी उभी.

सोनीबाई माझ्या कानाशी लागली, "बाई, यात कमळा कुठी आहे?"

२४ मार्च

खरं काय घडलं ते इथं तरी लिहून ठेवते.

मोहफुलं वेचताना आमच्या बायका एकमेकींना सारखी हाळी देतात. झाडं लांब लांब, काम वाकून. कोणी कोणाला दिसत नाही, आवाज तेवढा ऐकू येतो. एकीची हाळी थांबली की बाकीच्यांनी हातातलं टाकून तिकडे जायचं. विचार करत बसायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी बुधरीची हाळी थांबली. सोनीबाई आणि कमळा धावल्या. वाघानं बुधरीचा खांदा धरलेला. सोनीबाईकडे काठी, कमळाकडे कुऱ्हाड. दोघी एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या आणि ओरडत राहिल्या. एकही पाऊल मागे नाही. वाघच सोडून गेला. बुधरी वाचली, हात मात्र अजून वर जात नाही. सोनीबाईला पुढं शौर्य पुरस्कार मिळाला.

जे काम एकटीनं करायचंच नसतं, त्यावर एकटीचा सिनेमा! अक्कल कुठं गहाण ठेवली होती या लोकांनी?

२७ मार्च

पेपरात कौतुक. "चौकट मोडणारी नायिका" वगैरे. चौकट तीच, फक्त आतला फोटो बदलला!

दीपालीशी फोनवर भांडले. ती म्हणे, "मावशी, सुपरहिरो दोघी कशा असतील? प्रेक्षकानं बघायचं कोणाकडे?"

"दोघींकडे. डोळे दोन दिलेत ना देवानं?"

२९ मार्च, शनिवार

हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. बाजारात लहानू टोपलीवाला सगळ्यांसमोर ओरडला, "का वो कमळाबाई, सिनेमात मस्त पळून राह्यली होती!" लोक फिदीफिदी हसले. मी लहानूला तिथंच झापलं. दहावीपर्यंत मीच शिकवलेला. त्यानं मान खाली घातली. पण कमळा तोवर निघून गेली होती.

तिच्या घरी गेले. सूप घेऊन बसली होती, वर बघेना.

"काही सांगू नका बाई. तिले पुरस्कार भेटला तवा मी टाळ्या वाजवल्या. मले काई नाई वाटलं. आता लेकरं मले पळपुटी म्हनतात! तिनं हाळी दिली त मी ओ नाई देत आता."

"तिनं काय केलं, कमळा? सिनेमा तिनं काढला का?"

"मंग कोनं सांगतलं त्याइले, मी पळाली म्हून?"

शोधून काढते, म्हटलं. वेचायला या तिघी सोबत असत, बुधरी तर आता घरीच असते. म्हणजे ऐन हंगामात सोनीबाई एका अंगाला आणि कमळा दुसऱ्या अंगाला, एकेकटी. हाळी बंद! वाघाला काय माहीत सिनेमा?

१ एप्रिल

सिनेमावाल्या कंपनीचा नंबर दीपालीनं मिळवून दिला. कोणी गुळगुळीत बोलणारा माणूस. "मॅडम, सुपरहिरोपटाचे काही नियम असतात." म्हटलं, नियम ठेवा तुमच्यापाशी. एका बाईला पळपुटी ठरवलंत, ते कोणत्या नियमात बसतं? जाहीर माफी मागा, तिचं नाव घेऊन.

तर म्हणतो, "आम्ही मनचं काही घातलं नाही. शौर्य पुरस्काराच्या अर्जात आहे ते."

तो अर्ज मी लिहिलाय! सोनीबाई सांगत होती, मी लिहीत होते. एकोणतीस वर्षं मुलांचे निबंध तपासले, माझ्या हातून खोटं जाईल? "पाठवाच तो कागद," म्हटलं. "तुमचं पितळ उघडं पाडते."

"पाठवतो मॅडम. दुसरं पान बघा."

उद्धट!

४ एप्रिल

तलावाच्या पाळीवर वाघाचे पंजे उमटलेले दिसले. एकटं जाऊ नका, असं वनरक्षक घरोघर सांगून गेला. कमळा तरी एकटीच जंगलात गेली. सोनीबाई त्याआधी तिच्या दारात उभी राहून आली — "चाल ना वो माय, सोबत जाऊ." दार उघडलं नाही.

७ एप्रिल

प्रत आली. अक्षर माझंच. दुसरं पान: "सोबतच्या स्त्रिया भयभीत होऊन पळून गेल्या, परंतु सोनीबाई एकटी निश्चल उभी राहिली."

सोनीबाईनं हे सांगितलं नव्हतं. मी घातलं. धाडस उठून दिसावं म्हणून. तिनं खाली अंगठा उमटवला — बाईनं लिहिलंय म्हणून.

कमळा पहाटेच एकटी जंगलात गेली आहे. कागद घेऊन तिच्यामागं निघाले.