ओलं बोट

परतूर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय आदिनाथ,

परतूरहून भारतचा रामराम घे. म्हणजे घ्यावा वाटला तर घे. बारा वर्षांनी पत्र आलं म्हणून पाकीट बाजूला टाकू नको, निदान दुसऱ्या पानापर्यंत ये. धावड्याला सगळे बराबर असतील, तुझी आई, आमची नंदामावशी, बरी असंल असं धरून चालतो.

इकडं आम्ही मजेत. शालू, तुझी वहिनी, ठीक आहे. आमची पोर तृप्ती, तिचं लग्न झालं. तुला पत्रिका पाठवली न्हाई, ती माझी एक चूक. पावसानं यंदा सरकीचं वाटोळं केलं, राहिलेल्या कापसाची वेचणी चालू आहे. माझी नोकरी दीड वर्ष उरली. शालू आताशा चहा अर्धाच कप देती, बाकी तक्रार न्हाई.

पत्र छापलेलं बघून तुला हसू आलं असंल. ड्रॉईंग मास्तरला हातानं लिहायला काय झालं? काही न्हाई झालं. शाळेत नवीन प्रिंटर आलाय, आणि फोनला बोललं की तो आपोआप लिहितो, म्हणलं बघावं करून. मी बोलतो तसंच उतरून राह्यलंय, शुद्धलेखन शोधू नको.

तर मुद्द्याचं. एक अडचण आहे, आणि परतुरात विचारावं असं कुणी न्हाई. कॅनव्हासवर छापलेल्या चित्रावर गेरू चढवायचा असंल तर मधी काय लावायचं?

हां, बराबर वाचलंस. भारत विचारून राह्यला. आधी पोटभर हस, मंग पुढं वाच.

आपण वाटूर फाट्यावर बसून चित्रं काढायचो, ती माझी वही आठवती का? वेचणीच्या बाया टेम्पोची वाट बघत बसलेल्या असायच्या. त्यात एक म्हातारी होती, डोक्याला फडकं बांधलेली. मानेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एकच रेघ काढल्ती मी तिची, पेन्सिल न उचलता. तू म्हणाल्तास, "भारत्या, ही रेघ तुला पुन्हा यायची न्हाई." मी तुला शिव्या दिल्त्या.

ते पान घेऊन मी जिनेंद्रकडं गेल्तो. सुरजमल शेठचा नातू. शेठच्या कापडदुकानातच त्यानं फ्लेक्सची मशीन टाकलीय, कॅनव्हासवर पण छापतो. त्यानं पान स्कॅन केलं, चार फुटांचं केलं आणि बटण दाबलं. म्हातारी फडक्यापासून हळूहळू बाहेर यायला लागली. रेघ माझी, आणि मी बाजूला स्टुलावर हात बांधून बसलेलो. आनंद झाला का भीती वाटली, ते अजून ठरलं न्हाई.

घरी आणून सगळं आपल्या पद्धतीनं केलं. बाभळीचा डिंक भिजवला, गेरू चाळला, चुना निवळला, कोळसा कुटला. फडक्याचा बोळा करून गेरू चढवला आणि रेघ पसरली की लेका! बघता बघता म्हातारीचं तोंड गेरूत विरघळून गेलं. जिनेंद्र म्हणला, "सर, माझ्या मशीनला पाण्याची शाई असती. तुमच्या शाळेतल्या प्रिंटरला भुकटी असती, ती पाण्यानं हलत न्हाई. तुम्ही वरून वॉर्निश मारा." मारलं. मंग त्यावर गेरू बसंना, वाळला की पापुद्रे सुटून खाली. दोन कॅनव्हास गेले. तिसरा छापून भिंतीला टेकवून ठेवलाय, त्याला हात लावायची छाती होईना.

संभाजीनगरच्या प्रदर्शनाला तीस तारखेपर्यंत चित्र द्यायचंय. फॉर्म भरून ठेवलाय. "माध्यम" असा एक रकाना आहे, तेवढा रिकामा आहे.

खरं सांगू का, माझं डोकंच चालंना. रेघ माझी, पण तीस वर्षांपूर्वीच्या भारतची. त्याचे केस काळे होते आणि त्याला भूक लई लागायची. मोठी केली जिनेंद्रच्या मशीननं. गेरू आजचा, माझ्या हातचा. मंग चित्र कुणाचं? शालू म्हणती, "तुमच्याच वहीतलं हाये ना, मंग तुमचंच." जिनेंद्र म्हणतो, "सर, फाईल तुमची, प्रिंट माझी." मी दोघांनाही मान डोलावतो आणि घरी येऊन परत त्या म्हातारीसमोर बसतो. कधी वाटतं हे माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे. कधी वाटतं मी माझ्याच वहीत चोरी करून राह्यलो.

दुसरा कॅनव्हास वाया गेला तवा जालन्याचं ते प्रदर्शन आठवलं. आठवलं कशाचं, कधी विसरलोच नव्हतो.

मी परीक्षक, छातीला बिल्ला लावलेला. तुझ्या चित्रात नंदामावशी शेंगा फोडत बसलेली. मी समोर थांबलो, सगळ्यांदेखत बोट तोंडात घालून ओलं केलं आणि चित्राच्या कोपऱ्यावर घासलं. "छापलेलंय," म्हणलो. "बक्षीस द्यायचं तर मशीनला द्या." लोक हसले. तू चित्र उतरवलंस, चादरीत गुंडाळलंस आणि बाहेर पडलास. लोक हसले म्हणून मला तवा लई बरं वाटल्तं, हे पण लिहून ठेवतो.

पण आदिनाथ, माझ्या बोटाला काही लागलं नव्हतं. ना शाई, ना गेरू, इतकं तुझं काम पक्कं बसलेलं. ते मला तवाच दिसल्तं. आणि चित्राखालच्या चिठ्ठीवर तुझ्या अक्षरात सरळ लिहिल्तं, "डिजिटल छपाई, गेरू, चुना, कोळसा." तू काही लपवलंच नव्हतंस. मी मात्र चोर पकडल्यासारखं केलं.

का केलं, तर चित्र चांगलं होतं म्हणून. माझ्या कोणत्याही चित्रापेक्षा चांगलं होतं. मी जळलो. बारा वर्षं मी हेच सांगत फिरलो की भारतनं कलेची बाजू घेतली.

आता तू म्हणशील, जुनी रेघ छापायची गरजच काय, काढ की परत हातानं.

शालू अर्धा कप चहा देती, कारण पूर्ण दिला तर सांडतो. उजवा हात थरथरतो माझा. दोन वर्षं झाली. शाळेत फळ्यावर एका झटक्यात गोल काढायचो आणि वर्ग टाळ्या वाजवायचा, तुला माहीत आहे माझा तोरा. आता गोल पोरींना काढायला लावतो. म्हणतो, तुमचा सराव होऊ द्या.

दिवाळीच्या सुट्टीत शालूनं जालन्याला मोठ्या डॉक्टरकडं नेल्तं. त्यांनी कागद पुढं केला आणि म्हणले, मधून सुरू करून बाहेर येत एक वेटोळं काढा. शालू कौतुकानं म्हणली, "साहेब, हे ड्रॉईंग मास्तर हैत." पाचवीच्या पोरांना मी पहिल्या दिवशी काढायला लावतो ते वेटोळं! मला ते आलं न्हाई, आदिनाथ. कोंबडीनं कागद उकरल्यासारखं झालं. शालूनं तो कागद बघितला आणि खिडकीकडं तोंड केलं. डॉक्टरनं कंपवात म्हणून सांगितलं. गोळ्या चालू आहेत. शाळेत कुणाला बोललो न्हाई, तृप्तीलाही न्हाई. तुला पहिल्यांदा सांगून राह्यलो.

बोळ्यानं गेरू चढवायला थरथर चालती, उलट बरा दिसतो. रेघेला चालत न्हाई. म्हणून छापली.

आणि हे समजल्यापासून एकच गोष्ट डोक्यात फिरती. तू का छापलं होतंस? तुझ्या हाताला काही झाल्तं का? डोळ्याला? का काहीच न्हाई, नुसतं करून बघावं वाटलं? तवा वीस वर्षांची दोस्ती होती आपली. मी बोट घासलं, पण विचारलं न्हाई. तवा विचारायचं ते आज विचारतो.

मधी काय लावतोस ते सांगावं वाटलं तर सांग. नसंल सांगायचं तर नको सांगू, तो तुझा हक्क आहे. पण फॉर्मच्या रकान्याचं तेवढं कळव. जिनेंद्र म्हणतो, "सर, मिश्र माध्यम लिहा, त्यात सगळं बसतं. छपाईचं नाव कशाला घेता, कोण घासून बघणार आहे?" त्या लेकराला काय सांगू कोण घासून बघतं ते? तू लिहिल्तंस तसंच सरळ लिहावं असं मनात येतं. धीर होईना. माझ्या नावाखाली लोक तो शब्द वाचतील आणि हसतील, याची भीती वाटती. मी हसवलेलेच लोक ते.

माफी मागतो. बारा वर्षं उशीर झाला, तरी मागतो.

पत्र छापायचं कारण पण आता तुला कळलं. नवीन प्रिंटरचं कौतुक वगैरे काही न्हाई. चार दिवस पेन धरून बसलो, "प्रिय आदिनाथ" एवढं सुद्धा वाचता येईना. मंग फोनला बोललो.

खालचं नाव मात्र शाईच्या पेनानं लिहून राह्यलो. एकदाच लिहिणार, जसं येईल तसं ठेवणार, दुसरा कागद घेणार न्हाई. बोट ओलं कर आणि घासून बघ. वरचं सगळं भुकटीचं आहे, ते हलायचं न्हाई. नाव पसरंल. तेवढंच आज माझ्या हातचं आहे.

तुझा,
भारत