यूरुनचं एक अक्षर

बर्गन,
१४ मार्च

प्रिय हाल्वारदादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. मेंढ्या व्यायला आल्या असतील. वहिनींचा गुडघा कसा आहे? इथे आठ दिवस पाऊस लागलाय, पण ती काही बातमी नव्हे.

बातमी ही: यूरुनला काय झालंय ते सापडलं!

लगेच रागावू नकोस. गेल्या वर्षी ती वसतिगृहावरून थेट माझ्या प्रयोगशाळेत आली. दारातूनच म्हणाली, "आत्या, माझे स्नायू तपास. एकोणीस वर्षांची आहे मी, बाबांची सही लागत नाही." तोरा अगदी तुझाच. रीतसर परवानग्या झाल्या आणि रुग्णालयात तिच्या मांडीतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला.

दादा, प्रत्येक पेशीत डीएनए गुंडाळून ठेवलेला असतो. जेवढा भाग उलगडलेला, तेवढाच पेशीला वाचता येतो. निरोगी माणसांच्या स्नायूंत एका जनुकाच्या अलीकडचा छोटासा भाग उलगडलेला दिसला. यूरुनच्या पेशींत तोच घट्ट मिटलेला. जनुक धडधाकट, पण कामाला लागतच नव्हतं. त्या भागातलं एकच अक्षर चुकलेलं, तुझ्याकडून आणि वहिनींकडून आलेल्या दोन्ही प्रतींत. नेहमीच्या तपासणीत तिथे कुणी बघतच नाही.

मग आम्ही बशीत वाढवलेल्या तिच्या पेशींत ते अक्षर दुरुस्त केलं. तीनदा फसलं. चौथ्यांदा भाग उलगडला, जनुक चालू झालं! आमचे प्रमुख, साठीचे गंभीर गृहस्थ, खुर्चीतून उठून ओरडले, "आउद, पोरगी खरं बोलत होती!"

सगळे टाळ्या वाजवत होते. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले.

नऊ वर्षांपूर्वी तिच्या जनुकांचा अहवाल घेऊन तू माझ्याकडेच आला होतास. घरातली शिकलेली मी. दहा मिनिटं चाळला आणि 'पायांत जोर नाही' म्हणणाऱ्या अकरा वर्षांच्या पोरीसमोर म्हणाले, "सगळं ठीक आहे. खेळाचा तास चुकवायची नाटकं आहेत ही." पुढे शाळेनंही तेच म्हटलं, माझं नाव पुढे करून. मग तू मला घराचं दार बंद केलंस, बरोबरच केलंस. अहवाल खोटा नव्हता. मला 'माहीत नाही' एवढं म्हणता आलं नाही.

डॉक्टरांनी तिला दम्यावरचं एक जुनं औषध सुरू केलंय. अशा स्नायूंनाही ते लागू पडतं. तीन महिने झाले. परवा ती आमचे चार मजले चढून आली, धापा टाकत, हसत. "लिफ्ट बिघडलेली नाहीये हां, आत्या!"

मी म्हटलं, "बाबांना सांग."

"तूच सांग. माफीही तूच माग."

मागते, दादा. तुझी आणि वहिनींची. तिची मागून झाली. तिनं अजून केलेलं नाही माफ, आणि तो तिचा हक्क आहे.

ईस्टरला ती घरी येईल. बोटीच्या धक्क्यावर गाडी घेऊन जाऊ नकोस. घरापर्यंतचा चढ ती चालत येणार आहे. तू नुसता दारात उभा राहा.

या वेळी चार-चारदा तपासून लिहिणारी,
तुझी धाकटी बहीण
आउद