विषय क्रमांक सातबाबत माझे शेवटचे म्हणणे

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, शिवाय एकतीस वर्षे गावसमितीच्या सभांचे इतिवृत्त विनामोबदला लिहिणारी, आज राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, मला मात्र ते पुराव्यानिशी लिहावे लागते, कारण समितीचे अध्यक्ष, म्हणजे माझे धाकटे दीर, गेली दोन वर्षे सांगत फिरतात की वहिनींना आता वयोमानाने काही आठवत नाही. म्हणून आज सकाळी डॉक्टरांनी मला तपासले. त्यांनी शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत आले आणि विचारले, पुढे उणे जाऊ का. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही. जो होता तो गप्प बसण्याचा होता, आणि तो मी दोन वर्षे निमूटपणे सोसला.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. पती वारले त्यास नऊ वर्षे झाली, मूलबाळ नाही. काही न लिहिता मेले तर घर आपोआप भाऊजींकडे जाईल आणि दुसऱ्याच दिवशी परसदाराला कुलूप लागेल. तसे होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

कलम एक. घर.

घर माझ्या नावावर आहे. चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस रस्ता. दक्षिणेस पाववाल्याच्या भट्टीची भिंत, जी त्याने दोन वीत माझ्या हद्दीत सरकवली आहे. मी मोजली आहे, माफ केली आहे, विसरलेली नाही. पश्चिमेस वाळू आणि समुद्र, जो आपली हद्द स्वतःच ठरवतो. उत्तरेस गावाच्या बचाव नावेची शेड आणि नाव पाण्यात सोडायचा सिमेंटचा उतार. ही दोन्ही सध्या तारेच्या कुंपणात आणि कुलपात आहेत.

तो उतार गावातल्या लोकांनी अंगमेहनतीने बावीस रविवारांत घातला. घमेली वाहणाऱ्यांत मीही होते. तो आता एका ठेकेदाराच्या ताब्यात आहे, त्याला तिथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या आहेत. तेव्हापासून बचाव नाव माझ्या परसात, मी शिवलेल्या ताडपत्रीखाली असते. भोंगा वाजला की बचाव पथकाची माणसे ती ओंडक्यांवरून घरंगळत परसदारातून वाळूवर नेतात. ही वाट बंद झाली तर नाव ट्रॅक्टरला जोडून टेकडीला वळसा घालावा लागेल, म्हणजे पाऊण तास. बुडणारा माणूस पाऊण तास थांबत नाही.

म्हणून घर व परस मी माझ्या पुतणीला देते. ती भाऊजींची धाकटी लेक, आणि गेली चार वर्षे नावेचे सुकाणू तिच्याच हाती आहे. अटी दोन. परसदाराला कधीही कुलूप लावू नये. आणि घर विकू नये. तिच्यामागे ते पथकाकडे जावे.

लेकीने म्हातारीला भुलवले असे भाऊजी म्हणतील, म्हणून नमूद करते की मी हे सांगितले तेव्हा ती चक्क चिडली. म्हणाली, "काकू, मला घर नको, मला रस्ता हवाय." मी म्हटले, "रस्ता घरातून जातो, बाई. दोन्ही घे आणि गप बस."

कलम दोन. कबुली.

मृत्युपत्रात कबुली बसते की नाही हे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, बसत नाही. तरी बसवते.

आमच्याकडे गावसभा ओहोटीला भरते. भरती लागली की होड्या पाण्यावर जातात आणि सभा ओस पडते, त्यामुळे सगळे तासाभरात उरकावे लागते. माझ्याआधी गुरुजी इतिवृत्त लिहीत. ते सभेतच सावकाश, वळणदार लिहीत बसत आणि शेवटी सह्या करायला माणूस उरत नसे. मी यावर तोड काढली. आदल्या दिवशी विषयपत्रिका पुढ्यात घेऊन सगळे इतिवृत्त घरीच लिहून टाकायचे, प्रत्येक विषयाखाली "सर्वानुमते मंजूर" असे घालायचे. सभेत कोणी हरकत घेतलीच तर तेवढे खोडायचे आणि खरे ते लिहायचे. हजेरीच्या सह्या तर सभा सुरू होतानाच घेत असू. एकतीस वर्षांत मला अकरा वेळा खोडावे लागले. गावाला सोय झाली, माझ्या अक्षराचे कौतुक झाले, आणि मीही फुशारले. सभेच्या आधी सभा लिहिणे हे खोटे आहे असे ना मला वाटले, ना गावाला.

दोन वर्षांपूर्वीच्या सभेत विषय क्रमांक सात असा होता: शेड व उतार ठेकेदारास आधी दोन वर्षे व नंतर तीस वर्षे भाड्याने देणे. याला हरकत येणार हे मला पक्के ठाऊक होते. पथक गप्प बसणार नव्हते, मीही बसणार नव्हते. तरी हाताच्या सवयीने "सर्वानुमते मंजूर" लिहिले, आणि खाली हरकतींसाठी चार ओळी रिकाम्या सोडल्या. स्वतःच्या हुशारीचे मला तेव्हा फार वाटले होते.

सभेत विषय चार, रस्त्यावरचे दिवे, चालू असताना पाच वाजून दहा मिनिटांनी भोंगा झाला. खडकापाशी होडी उलटली होती, तीन माणसे पाण्यात होती. सभागृह रिकामे झाले. मी पेन टाकले आणि धावले; दोर ओढायला हात लागतातच. तिघेही जिवंत निघाले, त्याच उतारावरून. मी ओलीचिंब परत आले तर सभागृहाला कुलूप होते.

दुसऱ्या दिवशी वही पाहिली. माझ्या सुंदर अक्षरात विषय सात सर्वानुमते मंजूर होता. वर त्रेचाळीस जणांची हजेरी. खाली अध्यक्षांची सही. आणि मी सोडलेल्या चार ओळींत, भाऊजींच्या अक्षरात, ठेकेदाराचे नाव आणि अटी.

मी म्हटले, "भाऊजी, सभा विषय चारलाच मोडली."

"वहिनी, अक्षर कुणाचं आहे?"

"माझं."

"मग झालं तर. शाळेचं छप्पर गळतंय, ठेकेदार ते घालून देतोय. नावेचं काय, ती कुठूनही उतरेल. आणि तुम्हीच उठून म्हणालात की हे खोटं लिहिलंय, तर आधीची एकोणतीस वर्षं खरी कशावरून? विहीर, शाळेची जागा, विधवांचं अनुदान, सगळंच उकरायचं का?"

मी घरी आले आणि तोंड शिवून घेतले. विहिरीची काळजी होती असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. काळजी विहिरीची नव्हती, माझ्या अब्रूची होती. सभा मोडली होती असा अर्ज घेऊन पथकाची माणसे समितीकडे गेली तर भाऊजींनी त्यांना वही दाखवली, म्हणाले, तुमच्याच बाईंनी लिहिलंय, त्यांनाच विचारा. ती माणसे माझ्याकडे आली. मला वाटले, आता हे मला जाब विचारणार. त्यांनी विचारले ते एवढेच, "नाव तुमच्या परसात ठेवू का? आणि ताडपत्री शिवून द्याल का?" चार शिव्या घातल्या असत्या तर बरे वाटले असते. ती ताडपत्री मी रडत शिवली, हे आजवर कोणाला सांगितलेले नाही.

तर आता लिहून देते. विषय सात कोणीही मंजूर केला नाही. तो सभेत वाचलाही गेला नाही. पुरावा म्हणून माझी कच्ची वही पुतणीला देते. सभेत मी ती मांडीवर ठेवत असे, खोडायची वेळ आली तर असावी म्हणून. तिच्यातली त्या दिवसाची शेवटची ओळ अशी आहे: "विषय चार चालू. ५.१०. भोंगा. सगळे गेले. मी पण."

भाऊजींनी यात स्वतः एक पैसाही खाल्लेला नाही, हे मी शपथेवर लिहिते. छप्पर झाले, शाळा आता गळत नाही. त्यांचा दोष खाण्याचा नाही, आपलेच घोडे पुढे दामटण्याचा आहे. तो दोष या घराण्यात दोघांना आहे, आणि दुसरी मी.

कलम तीन. जंगम.

शिवणयंत्र पथकाला. तरंगणाऱ्या जाकिटांचे पट्टे दरवर्षी उसवतात. ते शिवायला कोणीतरी शिकावे, आणि पुरुषांनी शिकले तरी यंत्र तक्रार करणार नाही. मोठी कात्री कापडाची आहे. तिने कागद कापणाऱ्याला माझा तळतळाट लागेल.

बँकेतील ठेव नावेच्या इंजिनासाठी. हल्लीचे इंजिन सुरू होण्याआधी म्हाताऱ्यासारखे खोकते.

यांचा रंधा आणि पटाशी सुताराला द्यायची होती. पण सुतार या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकील म्हणाले. म्हणून ती आजच त्याच्या हातात दिली. त्या बदल्यात परसदाराची बिजागरी त्याने आता तरी बसवावी. सहा वर्षे तो उद्या येतो म्हणतोय. गावाने त्याचे नावच "उद्या" पाडले आहे.

कलम चार. भाऊजींस.

कपाटात खालच्या फळीवर एक राखाडी ब्लँकेट आहे, कडेला मी निळी पट्टी शिवलेली. भाऊजी, तुम्ही एकवीस वर्षांचे होतात आणि उतार नवा होता, सिमेंट अजून काळे पडले नव्हते. तुमची होडी उलटली. तुमच्या दादाने तुम्हाला ओढून आणले, त्या उतारावर पालथे घातले आणि पोटातले पाणी काढले. मी हे ब्लँकेट पांघरले. तुम्ही डोळे उघडून पहिले काय बोललात ते आठवते का? "दादा, माझी होडी?" ते म्हणाले, "होडी गेली. तू आहेस ना." आणि मग कोपऱ्यात जाऊन ढसाढसा रडले. ते तुम्ही पाहिले नाही, मी पाहिले.

ज्या उतारावर तुम्हाला दुसरा जन्म मिळाला त्यालाच तुम्ही कुलूप घातलेत. याचा राग माझ्या मनात आहे, मरेपर्यंत राहील, आणि तो मी कोणालाही वाटून देत नाही. ब्लँकेट मात्र तुमचे. पट्टी उसवली आहे, ती तशीच राहू द्या.

कलम पाच. अंत्ययात्रा.

साधी असावी, आणि सभेसारखी ओहोटीला असावी, म्हणजे माणसांचा खाडा होणार नाही. समितीने श्रद्धांजलीचा ठराव करू नये. केलाच तर हात वर करून मते मोजावीत. पाववाल्याने हात वर केला नाही तर त्याला कोणी बोलू नये.

कलम सहा. वाचन.

हे मृत्युपत्र येत्या गुरुवारी गावसभेत मोठ्याने वाचले जाईल. वाचणार मी.

माझा बेत वेगळा होता. पाकीट मोहोरबंद करून वकिलांकडे ठेवायचे आणि मेल्यावर गावाने ऐकायचे, असा. कच्चा मसुदा पुतणीला दाखवला. तिने पूर्ण वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "काकू, मेल्यावर खरं बोलायला कुणालाही जमतं." मला राग आला. तिला चहासुद्धा विचारला नाही. ती गेली, मी यंत्रावर बसले, आणि एका जाकिटाचा पट्टा तीनदा उलटा शिवला. पोरगी बापावर गेली आहे, फटकन बोलते आणि बरोबर बोलते.

गुरुवारच्या सभेत विषय तीन आहे: शेड व उताराचा भाडेपट्टा तीस वर्षांसाठी कायम करणे. तो एकदा कायम झाला की माझ्या मागे कोण काय वाचते याला अर्थ नाही. म्हणून मी उभी राहीन, कलम दोन वाचीन, कच्ची वही टेबलावर ठेवीन. मग गावाला वाटल्यास त्याने माझी एकतीस वर्षे उकरावीत. विहीर खरी आहे, तिचे पाणी रोज पितात. बाकीचेही खरे निघेल असे मला वाटते, आणि नाही निघाले तर तेही माझ्याच अक्षरात आहे. भाऊजींनी मला वेडी म्हणावे. डॉक्टर पहिल्या रांगेत बसणार आहेत. आणि त्याआधीच माझे काही बरेवाईट झाले तर वाचन पुतणीने करावे, एक शब्द न गाळता.

इतिवृत्त लिहायचे काम अजून माझ्याकडेच आहे. विषयपत्रिका काल आली. एरवी आत्तापर्यंत माझे निम्मे लिहून झाले असते. या वेळी मी वर फक्त तारीख आणि वार घातला आहे. खाली सगळे पान कोरे आहे, आणि हात मोजून झाल्याशिवाय मी त्यावर एक अक्षर लिहिणार नाही.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली. पुतणी त्या वेळी परसात नावेचे ओंडके रचत होती, खोलीत नव्हती.

लिहून देणार: (सही) शिवणकाम करणारी, समितीची लेखनिक

साक्षीदार एक: (सही) गावचे डॉक्टर. "वजाबाकी मी स्वतः तपासली. उत्तर बरोबर होते."

साक्षीदार दोन: (सही) सुतार. सही उद्या केली तर चालेल का असे विचारले. चालणार नाही म्हटल्यावर आजच केली.

ठिकाण: माझे घर, शिवणयंत्राचे टेबल
दिनांक: ९ मार्च, सोमवार, ओहोटीची वेळ

खाडाखोडीची नोंद: या दस्तात एकाच ठिकाणी खाडाखोड आहे. कलम सहामध्ये "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द खोडून "येत्या गुरुवारी" असे लिहिले आहे. खाडाखोड माझीच आहे. ही बारावी.