आक्काच्या कार्डावरची ओळ

माय, आक्काचं कार्ड आलं. काल दुपारी पोस्टमननं दिलं. सरकारी दिव्यांग ओळखपत्र आहे. त्यावर तिचा फोटो आहे आणि बाजूला ती गोष्ट छापली आहे, जी तू जन्मभर कुणाला सांगू दिली नाहीस. डॉक्टर तिला स्वमग्नता म्हणतात. तू गेलीस त्याला अठरा वर्षं झाली; तेव्हा हा शब्द आपल्या घरात आला नव्हता. तू म्हणायचीस, "माझी लेक तिच्या तंद्रीत असती." मला अजून तुझंच जास्त बरोबर वाटतं.

सोनारीची जत्रा आठवते. मी आठ वर्षांचा, आक्का बारा-तेराची. देवळापुढची माकडं बघत ती शांत बसलीय, मुठीतले शेंगदाणे संपत आलेत, आणि तू तिचा हात गोंदणाऱ्यापुढं धरतेस. गर्दीत हरवली तर कुणीतरी घरी आणून सोडावं म्हणून. तो विचारतो, "पोरगी बोलत न्हाय व्हय? खाली मुकी लिहू का?" तू म्हणतेस, "मुकी न्हाय ती. नाव लिव्ह, गाव लिव्ह, बास." सुई लागताना आक्का रडली नाही, पण ते वाक्य तिनं कायमचं उचललं. पुढं कुणीही हातात पेन घेतला, तलाठी असो वा माझी लेक, की आक्का हुबेहूब तुझ्या आवाजात म्हणणार, "नाव लिव्ह, गाव लिव्ह, बास." तू गेल्यावर घरात तुझा आवाज तेवढाच राहिला.

त्याच दिवशी परतीच्या एसटीत मी कंडक्टरला म्हणालो, "मामा, आमची आक्का येडी हाय, तिला बसायला जागा द्या." जागा मिळाली. तू बसली नाहीस, आक्कालाही बसू दिलं नाहीस. घरी भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता बोललीस, "जागंसाठी बहीण इकलीस व्हय रं?" मग तिथंच मला भैरवनाथाची आण घ्यायला लावलीस की आक्काचं असं पुन्हा कुणाला सांगणार नाही. आणि तव्यावरची पहिली भाकरी माझ्याच ताटात टाकलीस.

ती आण मी पाळली. दोन वर्षांपूर्वी नळदुर्गला पाहुण्यांचं लग्न होतं. परतताना मी पाण्याची बाटली आणायला गेलो, तेवढ्यात आक्का स्टँडवर एका चिमुरडीच्या फ्रॉकवरचे मणी बोट लावून मोजू लागली. कुणीतरी ओरडलं, "पोरं धरणारी हाय." दोघांनी तिचे हात पकडले. हात धरलेला तिला सोसत नाही, तुला माहीत आहे. ती किंचाळली, एकाला चावली. मी पोचेस्तोवर तिच्या तोंडावर दोन बसल्या होत्या. हवालदारानं गर्दी हटवली, गोंदण वाचलं आणि मला म्हणाला, "नाव हाय, गाव हाय. पण बाई असं का करती ते कुठं लिहिलंय? आमाला कसं कळावं?"

लेक कार्ड काढा म्हणून मागं लागली. मी सोनारीला जाऊन भैरवनाथापुढं नारळ वाढवला आणि घरी येऊन सांगितलं, "आजीपुढं आण घेतलीय." असं करत वर्ष गेलं. शेवटी ती म्हणाली, "पप्पा, आण तुम्ही घेतली, आत्यानं नाही. तिलाच विचारा ना."

धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी माझ्याशी बोलणं थांबवून आक्काकडं खुर्ची वळवली. "मावशी, हे लिहायचं का नाही, तुम्ही सांगा. सक्ती नाही. पण कार्ड दाखवून लोकांना सांगता येईल, हात धरू नका." आक्का खिडकीकडं बघत होती. बाईंनी पेन उचलला.

"नाव लिव्ह," आक्का म्हणाली. "गाव लिव्ह."

मी 'बास'ची वाट बघत होतो. ते आलं नाही. तिनं गोंदलेला हात पोटाशी घेतला आणि म्हणाली, "हात धरू नका लिव्ह."

हे तुझं वाक्य नव्हतं, माय. आवाजही तुझा नव्हता.

कार्डावर तसं छापत नाहीत, नुसता तो एक शब्द छापतात. म्हणून मी एका चिठ्ठीवर तिची ओळ लिहून कार्डाच्या दोरीवाल्या पाकिटात मागच्या बाजूनं घातली. तिनं दोनदा उलटून बघितली आणि पाकीट गळ्यात घालून शेळ्यांकडं गेली.

हे पत्र मी पोथीत ठेवीन. आण मोडली म्हणून माफी मागायला बसलो होतो, पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही. ते वर्ष मी आणेसाठी थांबलो नव्हतो. लेकीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती, आणि आत्याचं कळलं तर पाहुणे फिरतील अशी भीती मला होती. देवाला मी नुसतं पुढं केलं. तेव्हा एसटीत बोलून जे केलं, तेच या वेळी गप्प बसून केलं. आज भाकरी वाढायला तू असतीस, तर पहिली आक्काच्या ताटात टाक म्हणालो असतो.